एकाच कंटेनरमध्ये नॉड्युलरायझर, इनॉक्युलंट, कॅल्शियम सिलिसाईड आणि फेरोमॉली: एचएस कोड (आयातीचा वर्गीकरण क्रमांक) कुठला धरायचा?

पलूस_एसजी
नमस्कार मंडळी. एसजी आयर्न (गोलाकार ग्राफाइटचं बीड) फाउंड्रीसाठी थेट आयात करायचं ठरतंय. एक २० फुटी कंटेनर, न्हावा शेवा, सप्लायर एकच. प्रोफॉर्मा बिलासोबत आलेल्या सीओएवरचे (तपासणीचा दाखला) आकडे टक्क्यांत असे:

नॉड्युलरायझर (बिडातलं ग्राफाइट गोल करणारा), १२ टन: सिलिकॉन ४५.२, मॅग्नेशियम ६.२, कॅल्शियम १.१, रेअर अर्थ १.०, ॲल्युमिनियम ०.६, बाकी लोह.
इनॉक्युलंट (बिडात ग्राफाइटचे कण नीट तयार करवणारा), ६ टन: सिलिकॉन ७२.४, बेरियम २.३, कॅल्शियम १.२, ॲल्युमिनियम १.१, बाकी लोह.
कॅल्शियम सिलिसाईड, ४ टन: कॅल्शियम ३०, सिलिकॉन ५९, लोह "कमाल ५".
फेरोमॉलिब्डेनम, १ टन: मॉलिब्डेनम ६२.४.

सप्लायरने चारही ओळींना ७२०२ ९९ लावलंय. सीएचए (कस्टमचं काम बघणारा एजंट) म्हणतो, "चालतंय की, सगळं फेरोअलॉयच आहे." ड्यूटी सारखीच बसत असेल तर खरंच काही फरक पडतो का? आणि जागा उरतेच आहे, तर १ टन कार्बुरायझरही (बिडातला कार्बन वाढवणारा) त्यातच टाकू का?

उरणकर_सीएचए
पडतो. चार मालांचे चार कोड आहेत आणि ७२०२ ९९ बसलाच तर एखाद्यालाच बसेल, तोही अटीवर.

पोत्यावर काय छापलंय ते बाजूला ठेवा. कस्टम टॅरिफमधल्या चॅप्टर ७२ ची नोट १(सी) काढून समोर ठेवा. फेरोअलॉय म्हणायला तीन गोष्टी लागतात. रूप: पिग, ब्लॉक, लम्प, दाणेदार किंवा पावडर, ब्रिकेट केलेलं असलं तरी चालतं. काम: पोलाद-बिडात मिश्रधातू म्हणून किंवा डीऑक्सिडायझर, डीसल्फरायझर म्हणून टाकायचा, आणि ठोकून आकार देण्याजोगा नसलेला माल. तिसरी गोष्ट रसायन. लोह ४ टक्के किंवा जास्त हवंच, आणि त्यासोबत यातलं निदान एक: क्रोमियम १० च्या वर, मँगनीज ३० च्या वर, फॉस्फरस ३ च्या वर, सिलिकॉन ८ च्या वर, किंवा कार्बन सोडून इतर मूलद्रव्यं मिळून १० च्या वर. त्यात तांबं असेल तर ते १० पर्यंतच.

हे झालं शीर्षक ७२०२ पर्यंत. पुढचे दोन आकडे ठरवते सबहेडिंग नोट २, आणि ती कुणी उघडून बघत नाही. ती म्हणते: वरच्या किमान टक्केवारीच्या पुढे एकच मूलद्रव्य गेलं तर मिश्रधातू द्विअंगी धरायचा, दोन गेली तर त्रिअंगी, तीन गेली तर चतुरंगी. आणि "इतर मूलद्रव्यां"त मोडणारं प्रत्येक मूलद्रव्य स्वतंत्रपणे १० टक्क्यांच्या पुढे गेलं पाहिजे. बेरीज करून चालत नाही.

आता इनॉक्युलंट घ्या. सिलिकॉन ७२.४, म्हणजे ८ च्या पुढे. बेरियम २.३, कॅल्शियम १.२, ॲल्युमिनियम १.१, एकही १० च्या जवळपास नाही. म्हणजे माल द्विअंगी, कस्टमच्या लेखी साधं फेरोसिलिकॉन. ५५ टक्क्यांच्या वर सिलिकॉन असल्याने ७२०२ २१. बेरियमचे पैसे तुम्ही वेगळे मोजले असतील, पण कोडला त्याचं सोयरसुतक नाही.

फेरोमॉली: ७२०२ ७०. वाद नाही.

कॅल्शियम सिलिसाईड आणि नॉड्युलरायझर यांत मेख आहे. जेवून येतो, मग लिहितो.

कुपवाड_स्पेक्ट्रो
उरणकर साहेब जेवून येईपर्यंत कॅल्शियम सिलिसाईडचं मी सांगतो, कारण तो प्रश्न कायद्याचा कमी आणि लॅबचा जास्त आहे.

लोह "कमाल ५" हे स्पेसिफिकेशन झालं, निकाल नव्हे. नोटमधली रेघ ४ वर आहे. प्रत्यक्ष लोह ४.३ निघालं तर माल फेरोअलॉय ठरतो: सिलिकॉन ८ च्या पुढे, कॅल्शियम १० च्या पुढे, म्हणून त्रिअंगी, म्हणून ७२०२ ९९. लोह ३.६ निघालं तर तो चॅप्टर ७२ चा माल उरतच नाही. तो सिलिसाईड म्हणून २८५० मध्ये जातो. ०.७ टक्के लोहामुळे अख्खा चॅप्टर बदलतो.

म्हणून सप्लायरकडून प्रत्यक्ष लॉटचा सीओए मागा. लोहासमोर आकडा हवा. "कमाल", "बॅलन्स", "शेष" असलं काही घेऊ नका. लॉट नंबर, हीट नंबर (भट्टीच्या एका खेपेचा) आणि बॅगवरचा स्टेन्सिल जुळला पाहिजे. माल रेघेवरच बसत असेल तर ऑर्डर देतानाच एक बाजू ठरवून घ्या. लोह "किमान ४.५" असं पीओमध्ये (खरेदीची ऑर्डर) लिहिता येतं. सप्लायरला ते जड नसतं, हा धातू भट्टीत बनतानाच थोडंफार लोह घेऊन येतो.

अजून एक. स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजायचं यंत्र) फेरोअलॉय चालवू नका. आपल्याकडची कॅलिब्रेशन बिडाची आणि पोलादाची असतात, ६० टक्के सिलिकॉनचा दाणा त्यावर ठेवला तर येणारा आकडा निव्वळ करमणूक. ओल्या (रासायनिक) पद्धतीनं किंवा माल वितळवून केलेल्या फ्यूज्ड बीडवर एक्सआरएफ (क्ष-किरण तपासणी) करून घ्या. कस्टमच्या लॅबनं वेगळा निकाल दिला तर हाच कागद तुमच्या हातात लागतो.

मिरज_स्टोअर
सिलिकॉन मेटल पण असंच ना? तेही पोत्यावर फेरोसिलिकॉनसारखंच दिसतं.

कुपवाड_स्पेक्ट्रो
हो दादा. लोह ४ च्या खाली गेलं की फेरो हा शब्द गळतो. सिलिकॉन मेटल २८०४ मध्ये: ९९.९९ टक्के किंवा जास्त असेल तर ६१, नाहीतर ६९. मँगनीजचे इलेक्ट्रोलिटिक फ्लेक्स ८१११ मध्ये. दिसण्यावर जाऊ नका.

कराड_मँगनीज
आमच्याकडे मँगनीज स्टीलच्या कास्टिंगवाल्यांना हाच घोळ कार्बनच्या रेघेवर होतो, म्हणून लिहून ठेवतो.

फेरोमँगनीजची रेघ कार्बन २ टक्के. दोनच्या वर ते ७२०२ ११, बाकी १९. शब्द "दोनपेक्षा जास्त" असे आहेत, म्हणजे नेमकं २.० आलं तर १९. हाय कार्बन ६ ते ८ मध्ये असतं, तिथं प्रश्न नाही. मीडियम कार्बन १ ते २ मध्ये विकलं जातं आणि लॉटमध्ये एखादी हीट २.१ लागते. अशा वेळी पॅकिंग लिस्ट हीटनिहाय करून घ्या, नाहीतर सरासरी १.८ आणि सॅम्पल २.१ अशी गंमत होते.

फेरोक्रोमची रेघ कार्बन ४ वर. चारच्या वर ४१, बाकी ४९. सिलिकोमँगनीजला कार्बनची रेघच नाही, सगळं ७२०२ ३०. ते ३० मध्ये का जातं, तर मँगनीज ३० च्या पुढे आणि सिलिकॉन ८ च्या पुढे, दोन्ही. फेरोमँगनीजमध्येही १-२ टक्के सिलिकॉन असतं, पण ते ८ च्या खाली असल्यानं मोजलं जात नाही. उरणकरांनी सांगितलेली नोट २ ती हीच.

मँगनीज ३० किंवा त्याच्या खाली आणि ६ च्या वर, अशा बिडाला स्पीगेलायझेन म्हणतात आणि ते ७२०१ मध्ये जातं. आपल्या पट्ट्यात कुणी घेत नाही, पण "लो ग्रेड फेरोमँगनीज स्वस्तात" म्हणून एखादा दलाल गळ्यात मारायला बघतो.

पलूस_एसजी
इथवर कळलं. पण नॉड्युलरायझर? मी टॅरिफ उघडून बघितलं. ७२०२ ९९ च्या खाली "फेरो-सिलिको-मॅग्नेशियम" असं नावच छापलंय. मग सप्लायर बरोबरच झाला की.

उरणकर_सीएचए
आलो. हीच ती मेख.

नाव छापलंय हे खरं. पण ते कुठल्या पातळीवर? आठ अंकांच्या. वर्गीकरणाचा सहावा नियम सांगतो की तुलना एकाच पातळीच्या सबहेडिंगमध्ये करायची आणि सबहेडिंग नोटा लावायच्या. म्हणजे आधी सहा अंक पक्के करायचे. तुमच्या मालात सिलिकॉन ४५.२, मॅग्नेशियम ६.२. मॅग्नेशियमचा नोट १(सी) मध्ये स्वतंत्र उल्लेख नाही, म्हणजे ते "इतर मूलद्रव्यां"त मोडतं, आणि ते १० च्या पुढे गेलेलं नाही. म्हणून माल द्विअंगी फेरोसिलिकॉन. सिलिकॉन ५५ च्या खाली, म्हणून ७२०२ २९. सहा अंकांवर २९ ठरल्यावर ९९ च्या पोटात छापलेल्या नावाकडे जायला दारच उरत नाही. ते नाव मॅग्नेशियम १० च्या पुढे असलेल्या मालासाठी शिल्लक राहतं.

हे एकट्या माझं डोकं नाही. युरोपियन युनियनच्या टॅरिफमध्ये ७२०२ २९ च्या खाली "मॅग्नेशियम ४ टक्के किंवा जास्त, पण १० पेक्षा जास्त नाही" अशी वेगळी ओळच आहे. सहा अंक जगभर एकच असतात, म्हणजे तिकडे हा माल २९ मध्ये बसवला जातो हे उघड आहे.

सातारा_सीए
तर्क मान्य, पण सल्ला अर्धाच झाला. व्यवहारात देशात येणारा बराच नॉड्युलरायझर ९९ मध्ये उतरतो, कारण नाव तिथं छापलेलं दिसतं. समोरचा असेसिंग अधिकारी म्हणेल, संसदेनं टॅरिफमध्ये हे नाव घातलं ते वाया घालवण्यासाठी नाही, आणि बाजारात मिळणारा माल बहुतेक ५ ते १० टक्के मॅग्नेशियमचाच असतो. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. तुमचा सहावा नियम भारी पडेल असं मलाही वाटतं, पण "दारच उरत नाही" इतकं छातीठोक सांगू नका.

पलूसकर, तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत. नियमित आयात करणार असाल तर ॲडव्हान्स रूलिंग (कोडबद्दलचा आगाऊ निकाल) घ्या. मुंबईत प्राधिकरण आहे, फी १०,००० रुपये, कायद्यात निकालाची मुदत तीन महिने. निकाल तुमच्यापुरता तुम्हाला आणि विभागाला बांधील. अर्जात सीओए, बनवण्याची रीत, वापर आणि दोन्ही बाजूंचे कोड प्रामाणिकपणे मांडायचे. आयात सुरू होण्याआधी अर्ज गेला तर उत्तम, कारण तोच प्रश्न तुमच्याच बाबतीत अधिकाऱ्यासमोर पडून असेल तर अर्ज नाकारला जातो.

एकच कंटेनर असेल तर २९ लावा आणि वर्णनात सगळं उघड करा. त्या दिवशी दोन्ही ओळींचा दर सारखा असेल तर महसुलाचा वाद उरत नाही. आणि माहिती लपवली नाही हे कागदावर असेल तर ड्यूटीच्या मागणीची मुदत साधी दोन वर्षांची राहते. लपवाछपवी दाखवता आली तर तीच पाच वर्षांची होते, वर दंड. थकलेल्या ड्यूटीवर व्याज वर्षाला १५ टक्के.

मिरज_स्टोअर
दर सारखा असेल तर मग एवढा उपद्व्याप कशाला, हा प्रश्न राहतोच की ताई.

सातारा_सीए
तीन कारणं. सूट देणाऱ्या अधिसूचना कोडनुसार असतात आणि त्या बदलतात. २४ जुलै २०२४ पासून फेरोनिकेलवरची बेसिक ड्यूटी शून्य झाली, ती ७२०२ ६० ला. त्या सुमारास निकेल पिग आयर्नलाही शून्य लागतं असं बऱ्याच जणांनी धरलं. त्यात निकेल १० च्या खाली असेल आणि कार्बन २ च्या वर, तर ते फेरोअलॉय नसून ७२०१ मधलं पिग आयर्न ठरतं. मग कुठली सूट?

दुसरं, व्यापार करारातली सवलत. त्यावर खाली वेगळं लिहिते, तिथं तर सहा अंकांवर सगळं चालतं.

तिसरं, ॲडव्हान्स ऑथरायझेशन (निर्यातीच्या मालासाठी ड्यूटीमाफ आयातीचं लायसन्स). कास्टिंग निर्यात करत असाल तर त्यावर बेसिक ड्यूटी आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) दोन्ही माफ होतात. आयातीला १२ महिने, निर्यातीला १८ महिने. पण लायसन्सवरचं वर्णन आणि कोड बिल ऑफ एंट्रीशी (कस्टमला भरायचं आयातीचं विवरण) जुळला नाही तर माल बंदरात उभा.

पलूस_एसजी
ड्यूटीचा हिशोब कुणी मांडून दाखवेल का? सीएचएनं "साडेचोवीस टक्के धरा" एवढंच सांगितलं.

उरणकर_सीएचए
बेसिक ५ टक्के धरून तो आकडा येतो. दर फाइल करायच्या दिवशीचा बघायचा, पण मांडणी हीच:

असेसेबल व्हॅल्यू (ज्यावर ड्यूटी लागते ती किंमत) १०० रुपये. बेसिक ५. त्यावर समाज कल्याण अधिभार १० टक्के, म्हणजे ०.५०. हा अधिभार ड्यूटीवर असतो, मालावर नाही. बेरीज १०५.५०. त्यावर आयजीएसटी १८ टक्के, १८.९९. एकूण २४.४९. यातले १८.९९ क्रेडिट म्हणून परत मिळतात, म्हणजे खरा खर्च ५.५० रुपये. रोकड मात्र २४.४९ लागते. बँकेला सांगताना २४.४९ सांगा, कॉस्टिंगला ५.५०.

असेसेबल व्हॅल्यू म्हणजे सीआयएफ (माल, विमा, भाडं मिळून). इन्व्हॉइस एफओबी (जहाजावर चढेपर्यंतची किंमत) असेल तर प्रत्यक्ष भाडं आणि विमा जोडायचा. विम्याचा आकडा दाखवता आला नाही तर एफओबीच्या १.१२५ टक्के धरतात, भाड्याचा दाखवता आला नाही तर २० टक्के. फेरोसिलिकॉनसारख्या जड, मध्यम किमतीच्या मालाला २० टक्के भाडं म्हणजे फुकटचा भुर्दंड. फॉरवर्डरकडून भाड्याचं सर्टिफिकेट वेळेत घ्या. न्हावा शेव्यापासून पलूसपर्यंतचं ट्रेलर भाडं यात येत नाही. आणि २०१७ पर्यंत लागणारे १ टक्का लँडिंग चार्जेसही आता नाहीत, तरी जुन्या एक्सेल शीटमध्ये ती ओळ अजून जिवंत असते.

बिल ऑफ एंट्री जहाज लागायच्या आदल्या दिवशीपर्यंत भरा. उशिराला पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,०००. सीओए आला नाही म्हणून थांबलेले कंटेनर या दंडात अडकतात, त्यावर सीएफएसचं (बंदराजवळचं कंटेनर यार्ड) भाडं आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) वेगळं.

कराड_मँगनीज
फेरोमॉलीच्या इन्व्हॉइसबद्दल कुणी बोललं नाही. तिथं भाव अलॉयच्या किलोला नसतो, आत असलेल्या मॉलिब्डेनमच्या किलोला असतो, कधी पौंडाला.

पलूसकरांचा १ टन, ६२.४ टक्के. म्हणजे मॉलिब्डेनम ६२४ किलो, पौंडात सुमारे १,३७६. समजा भाव ४५ डॉलर किलो मॉलिब्डेनम. किंमत २८,०८० डॉलर. आता बिल ऑफ एंट्रीवर वजन लिहायचं १,००० किलो, दर २८.०८ डॉलर. चूक होते ती अशी: इन्व्हॉइसवर "क्वांटिटी ६२४" छापलेलं असतं, टायपिंग करणारा तेच उचलतो, आणि दर ४५ पडतो. मग बी/एलवर (जहाज कंपनीची मालाची पावती) १,०००, पॅकिंग लिस्टवर १,०००, बिलावर ६२४. सिस्टिम वजनाची तफावत दाखवते आणि किलोचा दर बाकीच्या आयातीपेक्षा वेडावाकडा दिसतो. इन्व्हॉइसवर निव्वळ वजन, मॉलिब्डेनमचं वजन, टक्केवारी आणि भावाचं एकक अशा चार गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत मागून घ्या.

अंतिम भाव पोहोच-तपासणीवर ठरणार असेल, समजा ६१.८ निघालं, तर मॉलिब्डेनम ६ किलो कमी, २७० डॉलर कमी. असा करार असेल तर कस्टम कायद्याच्या कलम १८ खाली प्रोव्हिजनल असेसमेंट (तात्पुरती आकारणी) मागा. नंतर क्रेडिट नोट घेऊन ड्यूटी परत मागायला गेलं तर जोडे झिजतात.

सातारा_सीए
आता सवलतीचं. भूतानचं फेरोसिलिकॉन: तिथल्या पासाखात जलविद्युतवर बनतं, जयगावमार्गे येतं, द्विपक्षीय करारामुळे बेसिक ड्यूटी नाही. आयजीएसटी मात्र भरावाच लागतो. आपल्याकडचे बरेच डीलर हेच विकतात आणि साध्या ७५ टक्क्यांच्या फेरोसिलिकॉनला चीनपेक्षा तो पर्याय आधी तपासावा, एवढं माझं मत.

आसियानमधून इनॉक्युलंट घ्यायचा विचार असेल तर जपून. त्या कराराच्या सर्वसाधारण नियमाला दोन अटी आहेत: ३५ टक्के मूल्यभर (तिथं वाढलेली किंमत) आणि सहा अंकी कोड बदलणं. आता विचार करा. तिथल्या कारखान्यानं चीनचं ७५ टक्के फेरोसिलिकॉन घेतलं, कोड ७२०२ २१. वितळवून बेरियम घातलं, दळलं, चाळलं. तयार माल? वर उरणकरांनी सांगितलं तेच, ७२०२ २१. कोड बदललाच नाही. सर्टिफिकेट कितीही सुबक असलं तरी सवलत टिकत नाही. नुसतं दळणं-चाळणं-भरणं तर कुठल्याच करारात मूळ देश बदलत नाही. त्याच फेरोसिलिकॉनचा नॉड्युलरायझर केला तर २१ चा २९ होतो आणि ती अट पार पडते. म्हणजे २९ की ९९ हा वाद निव्वळ बौद्धिक नाही. सर्टिफिकेटवर ९९ आणि बिलावर २९ असेल तर पहिली क्वेरी त्याचीच.

२१ सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार (करारातल्या सवलतीसाठी मूळ देश तपासायचे) नियम लागू आहेत. सर्टिफिकेट घेतलं की काम संपलं असं आता नाही. फॉर्म १ मधली माहिती, म्हणजे कच्चा माल कुठला, कोड काय, मूल्यभर किती, ही आयातदाराजवळ आयातीच्या आधीपासून हवी आणि पाच वर्षं जपायची. सप्लायर "गोपनीय आहे" म्हणाला तर सवलत सोडून द्या.

पलूस_एसजी
माझा माल चीनचाच आहे, सवलतीचा प्रश्न नाही. कार्बुरायझरचं काय?

उरणकर_सीएचए
त्याला या कंटेनरमध्ये घेऊ नका. कॅल्साइन्ड पेट्रोलियम कोक असेल तर कोड २७१३ १२, आणि पेटकोकच्या आयातीवर २०१८ पासून निर्बंध आहेत. ग्राफिटाइझ्ड कृत्रिम ग्राफाइट असेल तर ३८०१. सप्लायर दोन्हीला "कार्बन रेझर" म्हणतो. एका टनासाठी बाकी २३ टन अडकवण्यात शहाणपण नाही. इथल्या डीलरकडून घ्या.

तसंच "मिक्स इनॉक्युलंट" म्हणून दळलेल्या दोन-तीन पावडरी नुसत्या एकत्र ढवळून भरलेल्या येतात, कधी त्यात फ्लोरस्पारही असतो. तो मिश्रधातू नव्हे, मिश्रण झालं. तिथं विभाग ३८२४ कडे बोट दाखवतो. माल एकत्र वितळवून ओतलेला आहे असं उत्पादकाचं लेखी पत्र ठेवा.

कुपवाड_स्पेक्ट्रो
कोडच्या नादात कंटेनरचं विसरू नका. ३० ते ९० टक्क्यांदरम्यान सिलिकॉन असलेलं फेरोसिलिकॉन धोकादायक मालाच्या यादीत यूएन १४०८, वर्ग ४.३ (पाण्यानं पेटणारा वायू सोडणारा), दुय्यम ६.१ (विषारी). कॅल्शियम सिलिसाईड यूएन १४०५, तेही ४.३. पाणी लागलं की हायड्रोजन सुटतो, आणि अशुद्धीतल्या फॉस्फरस-आर्सेनिकमुळे फॉस्फीन, आर्सिन. कार्बाइडसारखा किंवा लसणासारखा वास आला तर तो त्याचाच. सप्लायरनं धोकादायक मालाचं डिक्लरेशन न देता बुकिंग केलं तर लाइनचा दंड आयातदाराच्या गळ्यात येतो.

पलूसला कंटेनर उघडताना दोन्ही दारं पूर्ण उघडून निदान अर्धा तास हवा खेळू द्या, मग माणूस आत. विडी-काडी लांब. जंबो बॅगच्या आत पॉलीथिनचं अस्तर आहे का बघा आणि बॅगा पॅलेटवर ठेवा, फरशीवर नको. ४५ ते ६५ टक्के सिलिकॉनच्या पट्ट्यातला माल ओलाव्यानं आपोआप भुगा होण्यात सगळ्यात पुढे असतो. जुलैत गळक्या शेडखाली ठेवलेली बॅग गणपतीपर्यंत तळाशी पीठ झालेली मिळते. ते पीठ लेडलच्या (वितळलेल्या बिडाचं भांडं) पॉकेटमध्ये टाकलं तर मॅग्नेशियम धातूत उतरण्याआधीच भडकून जातं, रिकव्हरी पडते, आणि मग दोष नॉड्युलरायझरच्या ग्रेडला.

पलूस_एसजी
नोंद घेतली. मग बिलावर वर्णन नेमकं कसं लिहायचं? एक ओळ करून दाखवा.

उरणकर_सीएचए
असेसमेंट आता फेसलेस आहे. तुमची फाइल उघडणारा अधिकारी दुसऱ्याच बंदरावर बसलेला असतो, त्याला माल दिसत नाही. त्यानं विचारायच्या आधी उत्तर वर्णनातच हवं. नॉड्युलरायझरची ओळ अशी:

"फेरोसिलिकॉन, मॅग्नेशियमयुक्त (नॉड्युलरायझर), लम्प ५ ते २५ मिमी, सिलिकॉन ४५.२ टक्के, मॅग्नेशियम ६.२ टक्के, लोह ४५.६ टक्के, बिडाच्या मॅग्नेशियम ट्रीटमेंटसाठी, लॉट क्रमांक अमुक, सबहेडिंग नोट २ नुसार द्विअंगी."

आकारमान तुमच्या मालाचं घाला, लोहाचा आकडा सीओएचा. "फेरोअलॉय, फाउंड्री ग्रेड" असलं मोघम लिहिलं की क्वेरी ठरलेली. ई-संचितवर (कस्टमची ऑनलाइन कागदपत्र प्रणाली) इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बी/एल, लॉटनिहाय सीओए, एमएसडीएस (मालाच्या सुरक्षिततेचं माहितीपत्रक), विमा आणि नोट २ चा आधार देणारं एक पानी पत्र चढवा. पत्र एकाच पानाचं ठेवा, मोठं केलं तर कुणी वाचत नाही.

सॅम्पल काढायची वेळ आली तर आपला माणूस हजर ठेवा. एकाच बॅगच्या तोंडाशी बसलेला भुगा उचलू देऊ नका, त्यात लोह आणि सिलिकॉन लम्पपेक्षा वेगळं निघू शकतं. वेगवेगळ्या बॅगांतून, वरून आणि मधून, लम्प आणि बारीक दोन्ही. लॅबचा निकाल पटला नाही तर अहवाल हाती आल्यापासून १० दिवसांत फेरतपासणीचा अर्ज जायला हवा.

कुपवाड_स्पेक्ट्रो
लोह ४५.६ लिहिलंत, पण वरच्या आकड्यांची बेरीज करून बघा. ४५.२, ६.२, १.१, १.०, ०.६ मिळून ५४.१. शेष ४५.९. ०.३ फरक कार्बन, मँगनीज वगैरेत जाऊ शकतो, पण सीओएवर ते लिहिलेलं हवं. "बाकी लोह" म्हणणारे सप्लायर नेमके इथंच सापडतात.

उरणकर_सीएचए
बरोबर, आकडा मी उदाहरणाला टाकला होता. पलूसकर, सीओए येईपर्यंत लोहाचा रकाना कोराच ठेवा.

पलूस_एसजी
आभार सगळ्यांचे. सप्लायरला आत्ताच मेल टाकला: नवा प्रोफॉर्मा चार ओळींचा, नॉड्युलरायझर ७२०२ २९, इनॉक्युलंट ७२०२ २१, फेरोमॉली ७२०२ ७० वजनाच्या चार रकान्यांसह, कॅल्शियम सिलिसाईडचा कोड लोहाचा आकडा आल्यावर. पीओत लोह किमान ४.५ घातलं. कार्बुरायझर काढला. सीएचएला नोट २ ची प्रत पाठवली, तर त्याचं उत्तर आलं, "साहेब, हे पहिल्यांदाच बघतोय."

मिरज_स्टोअर
सीएचए बदला राव.

सातारा_सीए
बदलायची गरज नाही, पण फाइल करण्याआधी चेकलिस्ट स्वतः वाचून सही करा. कायद्याच्या लेखी सेल्फ असेसमेंट आयातदाराचं असतं, चूक निघाली तर नोटीस तुमच्या नावानं येते. माल सुटल्यावर चूक लक्षात आली तर नोटीस यायच्या आत फरक व्याजासह भरून टाका. २०२५ च्या वित्त कायद्यानं स्वतःहून दुरुस्तीसाठी कलम १८-ए पण आणलंय.

कराड_मँगनीज
कॅल्शियम सिलिसाईडचा निकाल आला की लोह किती निघालं ते इथं टाका. आमचा पण एक लॉट ४ च्या आसपासच घुटमळतोय.